ढेकूण, मुंगूस आणि स्कूटरची किल्ली

मंडईत स्कूटर विसरून मी दुसऱ्यांदा चालत घरी आलो, तेव्हा बायकोने किल्ली काढून घेतली. ती परत मिळायची अट एकच: मानसशास्त्र शिकणारी माझी भाची स्मरणाची परीक्षा घेणार, तिच्यात पास व्हायचं. माझी स्मरणशक्ती ठणठणीत आहे, हे मी एकदाच सांगितलं. चौथ्यांदा सांगतोय, असं दोघी म्हणाल्या.

सकाळी भाचीने दहा शब्द वाचायला दिले. दुपारी जेवण झाल्यावर म्हणाली, "मामा, आठवतील तेवढे सांगा."

एकही आठवेना. कागद पिवळा होता, तेवढं आठवत होतं. बायको किल्ली घेऊन कपाटाकडे निघाली आणि मला रडू यायचंच बाकी राहिलं.

"थांबा मामी, दुसरा पेपर राहिलाय की," भाची म्हणाली. तिने शब्दांची नुसती पहिली अक्षरं लिहून दिली आणि पुढे सुचेल ते लिहायला सांगितलं. मी रागारागाने ठोकून दिलं. 'ढे' पुढे ढेकूण, 'मुं' पुढे मुंगूस, 'का' पुढे काजवा. दहाच्या दहा सकाळचेच शब्द निघाले. अंदाजाने लिहिलेत, असं मी शपथेवर सांगितलं.

"तेच तर," भाची म्हणाली. "भरपेट जेवलेल्या माणसाला ढेकर सुचायला पाहिजे, तुम्हाला ढेकूण सुचला. एक आठवण हाक मारली की येते. दुसरी आत बसून गुपचूप काम करते, आपल्याला पत्ताही नसतो. तुमची दुसरी झकास हाय."

मी ऐटीत हात पुढे केला. बायको मात्र विचारात पडली होती, आणि ते लक्षण चांगलं नसतं.

"म्हणजे मी सांगितल्यालं समदं आत जातंय म्हणा की," ती म्हणाली. किल्ली मिळाली, आणि पाठोपाठ तिचा नवा, एकही नंबर न साठवलेला फोनही हातात आला. आजऱ्याच्या तिच्या भावाने पाठवलेल्या तांदळाला मी दिवाळीत त्याच्या तोंडावर चिकट म्हणालो होतो.

"चार महिनं झालं, माफी मागा म्हणतीया. दर बारीला नंबर सांगितला तरी ध्यानात न्हाय म्हणता. लावा आता."

"खरंच ध्यानात न्हाय."

"ठावं हाय. अंदाजानं दाबा."

चुकीचा लागू दे, असं मनात म्हणत मी सुचतील ते दहा आकडे दाबले. पहिल्याच घंटीला मेव्हण्याचा आवाज आला, "व्हय, कोण बोलतंय?"