माल उचलणार कोण?

चर्चमध्ये लोक माझ्याकडे वळून बघायला लागले, की मला कळतं, पाळकसाहेबांच्या उपदेशात पैशाचा विषय निघाला.

गेल्या हंगामाच्या सणाला, म्हणजे सुगीनंतरच्या उपासनेला, तसंच झालं. उपदेश दानावर होता. गरीब विधवेनं दानपेटीत टाकलेल्या दोन नाण्यांची गोष्ट सांगून झाली. मग पाळकसाहेब म्हणाले, काही माणसं बाजारात घासाघीस करतात ती करोत, पण देवाच्या घरात आल्यावरही त्यांच्या जिभेला भाव करायची खाज सुटते. नाव घेतलं नाही, तशी गरजही नव्हती. पुढच्या बाकांवरच्या माना आपोआप मागे फिरल्या. बायको माझ्या मनगटावर हात ठेवून बसली. मी उठेन अशी तिला भीती होती, आणि ती खरी होती.

हे सगळं छपराच्या पत्र्यांवरून सुरू झालं. चर्चचं छप्पर गळत होतं. समितीनं पत्र्यांचा भाव आणला तो मी ऐकला आणि म्हणालो, हाच पत्रा मी याहून बऱ्याच कमी भावात आणून देतो, गाडीभाडं माझं. एवढंच म्हणालो. चोरी झाली, कुणी पैसे खाल्ले, असं काही म्हणालो नाही. पण समितीचे सचिव बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना ते टोचलं. "सगळीकडे दुकानदारी करू नये," असं ते चारचौघांत म्हणाले. पत्रे त्यांच्याच भावात आले. वरचे पैसे मंडळीच्या खिशातून गेले, म्हणजे पेन्शनवाल्यांच्या, नर्सबाईंच्या, रिक्षावाल्यांच्या खिशातून. ते गेले त्याचं कुणाला काही नाही. मी मात्र देवाशी भाव करणारा ठरलो.

माझा धंदा पाडलेल्या घरांच्या लाकडाचा. जुनं घर पाडून कुणी फ्लॅट बांधायला काढलं, की त्याची सागवानी दारं, चौकटी, तुळया मी घेतो आणि विकतो. सक्करदऱ्याकडे माझं आवार आहे. सुरुवात हातगाडीवर झाली, आणि हातगाडीही भाड्याची होती. मला कुणी काही दिलं नाही. जे आहे ते भाव करून उभं केलेलं आहे, आणि त्याची मला लाज नाही.

भाव करायला मी मायकडून शिकलो. ती एका दवाखान्यात आया होती. पगार झाला की घरी येऊन ती आधी त्यातला दहावा भाग काढायची आणि रुमालाच्या टोकाला गाठ मारून ठेवायची. तो देवाचा. घरात तेल नसलं तरी ती गाठ सुटायची नाही. मग ती बाजारात जायची आणि वांग्यासाठी अशी भांडायची, की भाजीवाला हात जोडायचा. मी लहानपणी एकदा विचारलं, चर्चला एवढे पैसे देते, मग भाजीवाल्याशी काहून भांडते? ती म्हणाली, "देवाचं आधी काढलं ना मी? आता उरलेल्यात घर चालवा लागते. नाही भांडली तर पुढच्या महिन्यात देवाचीच गाठ सुटन."

मला पैशाचं जेवढं शास्त्र कळतं, ते एवढंच. ज्याला पैसा सांभाळता येत नाही तो देणार कुठून? आणि जो भाव न विचारता उधळतो, त्याला लोक उदार म्हणतात. मला तो फक्त बेफिकीर वाटतो.

तर उपदेश संपला, उपासना संपली आणि आवारातल्या मांडवाखाली लिलाव सुरू झाला. आमच्याकडे हंगामाच्या सणाला प्रत्येक जण आपल्या हातचं काहीतरी आणून वेदीसमोर ठेवतो. पारशिवनीकडचे नातेवाईक तांदळाची पोती पाठवतात, कुणी भोपळा आणतो, कुणी केक, कुणी लोणच्याची बरणी. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो आणि पैसा चर्चला जातो. बाजारात शंभराचं असेल ते इथं तीनशेला घ्यायचं. यालाही माझी ना नाही. मी दरवर्षी घेतो.

मला चीड येते ती 'परत अर्पण'ची. हे अलीकडचं फॅड आहे. मोठी बोली लावायची, वस्तू जिंकायची, आणि तिला हातही न लावता म्हणायचं, "परत अर्पण!" मग टाळ्या. मग तीच वस्तू पुन्हा लिलावाला. असा एकच भोपळा सकाळभरात पाच जणांनी घेतलेला मी पाहिला आहे. दुपारी तो भोपळा कुठे गेला, हे विचारायचं नसतं.

त्या दिवशी मायनं कोंबडी दिली होती. गावठी, तांबडी, नुकतीच अंड्यावर आलेली. पिल्लू असल्यापासून तिनं स्वतः वाढवलेली. मायचं आता ऐंशीच्या पुढे वय आहे, कानानं कमी ऐकू येतं, पण कोंबडी मांडीवर घेऊन ती चर्चला आली आणि स्वतःच्या हातानं वेदीपाशी ठेवून आली.

सचिवांनी सुतळीनं पाय बांधलेली कोंबडी उलटी धरून उंच केली. "गावठी कोंबडी! बोला, शंभरपासून बोला!"

"दीडशे," मागून आवाज आला.

सगळे वळले. चर्चचं आवार झाडणारी बाई होती. मागच्या खोलीत ती एकटी राहते. दर नाताळाला तिला ब्लँकेट मिळतं, देताना फोटो निघतो, आणि तो फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. त्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती.

बायकांच्या बाजूनं कुणीतरी हसून म्हणालं, "तू काहून बोलून राहिली वं? तुले तर रस्सा असाच भेटन!"

तीही हसली, पण हात खाली घेतला नाही.

"पाचशे," रामदासपेठेतले डॉक्टर म्हणाले. ते पुढच्या खुर्चीवर बसतात, पांढऱ्या शर्टात. "आणि परत अर्पण!"

टाळ्या.

कोंबडी पुन्हा वर गेली. "दोनशे," बाई म्हणाली. लगेच आमच्या मंडळीतले एक ठेकेदार हजार म्हणाले. परत अर्पण. टाळ्या. डॉक्टर मागे कसे राहतील? दोन हजार. परत अर्पण. कोंबडी चोच उघडी टाकून लटकत होती.

माझी माय बायकोला मोठ्यानं विचारत होती, "कोणाले गेली वं कोंबडी?"

"अजून कोणालेच नाही, माय."

"मंग टाळ्या काहून पिटून राहिले?"

मी मागे पाहिलं. त्या बाईनं पदराच्या टोकाची गाठ सोडून नोटा हातात काढल्या होत्या. आता ती त्या पुन्हा घडी करून पदरात बांधत होती. दातांनी ओढून तिनं गाठ घट्ट केली. मायची गाठ अशीच असायची.

मग मी बसून राहिलो नाही.

"थांबा," मी म्हणालो.

सचिवांचा चेहरा पडला. "तुमची किती बोली?"

"बोली नाही. डॉक्टरसाहेबांनी कोंबडी घेतली ना? त्यांना उचलू द्या."

"अहो, त्यांनी परत अर्पण केली आहे."

"हातात घेतल्याशिवाय परत कशी केली?"

कुणीतरी ओरडलं, "आला घासाघीस कराले!"

"हो, आलो. करून राहिलो," मी ओरडलो.

पाळकसाहेब पुढे आले. आवाज मऊ ठेवून म्हणाले, "भाऊ, हे देवाचं काम आहे."

गिऱ्हाईक माझ्या आवारात येऊन हेच म्हणतं. मंदिराचं असो, चर्चचं असो, दर्ग्याचं असो, देवाचं काम आहे, भाव बरोबर लावा. भाव पाडायला माणूस देवाला मध्ये घालतो तेव्हा मला त्याची कीव येते. मी कधी घातला नाही. म्हणालो, "म्हणूनच सौदा खरा पाहिजे, पाळकसाहेब. जो माल आपला झालाच नाही, तो आपण दान कसा करतो?"

आमच्या लाकडाच्या लिलावाचा एक नियम आहे. सगळ्यात मोठी बोली लावणाऱ्यानं माल उचलला नाही, तर माल त्याच्या खालच्या बोलीवाल्याला विचारायचा. तोही नाही म्हणाला, तर त्याच्या खालच्याला. नुसत्या आवाजावर कुणी मालक होत नाही. मी तो नियम सगळ्यांना मोठ्यानं सांगितला आणि सचिवांच्या हातातून कोंबडी घेतली. सरळ केली, बगलेत धरली, डॉक्टरांपुढे नेली.

"डॉक्टरसाहेब, दोन हजार तुमचे. उचला."

"अहो, मी फ्लॅटमध्ये कोंबडी कुठे ठेवू?" ते हसायला बघत होते. कोंबडीनं त्यांच्या बाहीवर चोच मारली आणि ते खुर्चीसकट मागे सरकले.

"म्हणजे नाही. मग ते दोन हजार पाकिटात घालून अर्पणाच्या थैलीत टाका. देवाले त्यासाठी कोंबडी लागत नाही."

ठेकेदाराकडे गेलो. "हजार तुमचे. उचलता?"

"मी तर परत अर्पण केली ना!"

"म्हणजे नाही. पाचशेही डॉक्टरसाहेबांचेच होते. ते गेले." मी मांडवाच्या मागे पाहिलं. "दोनशे कोणाचे होते?"

खांबाजवळून हात वर आला. "माह्ये."

"उचलता का, बाई?"

"उचलते ना, भाऊ."

"हे चालणार नाही," सचिव म्हणाले. "मंडळीचं नुकसान आहे हे."

तेवढ्यात माय उठली. तिला कोणी काय समजावलं होतं कोण जाणे. "कोंबडी माह्यी होती," ती म्हणाली.

"आजी, तुम्ही ती अर्पण केली," सचिव म्हणाले.

"केली. पण घेतली कोणं?"

सचिवांनी मेल्या आवाजात एक वार, दोन वार, तीन वार म्हटलं. टाळ्या वाजल्या नाहीत. बाई पुढे आली, पदराची गाठ सोडली. लिलावाचा पैसा सचिवांकडे द्यायचा असतो. तिनं तो त्यांच्यासमोरून नेऊन सरळ अर्पणाच्या थैलीत टाकला. मग कोंबडी माझ्या बगलेतून घेतली, सुतळी सोडली, आणि तिला छातीशी धरून मागच्या खोलीकडे निघून गेली. जाताना म्हणाली, "सांजेला या भाऊ, मायले घेऊन."

घरी जाताना माझं डोकं तापलेलंच होतं, पण आतून मला बरं वाटत होतं. माझा हिशेब चालू झाला होता. अंड्यावरची कोंबडी. थोडी अंडी खायची, थोडी उबवायची. पुढच्या सणापर्यंत तिच्या दारात कोंबड्याच कोंबड्या. अंडी विकेल, दशांश काढेल, ब्लँकेटच्या रांगेत उभी राहणार नाही. मी बायकोला म्हणालो, तिला एक जुनं दार देतो, त्याचं चांगलं खुराडं होईल.

संध्याकाळी मायला घेऊन गेलो. खोलीच्या मागे तांबड्या पिसांचा ढीग पडलेला होता.

मी दारातच उभा राहिलो. आत खाटेवर पाळकसाहेब बसले होते, त्यांच्या मांडीवर ताट होतं. शेजारच्या दोन बायका होत्या, चौकीदार होता. चुलीवर मोठं पातेलं रटरटत होतं. एका कोंबडीत एवढी माणसं म्हणजे रस्सा किती वाढवला असेल, ते सांगायला नको.

"अंड्यावरची कोंबडी होती ती," मी म्हणालो. आवाज चढला होता, मला कळत होतं. "कापली? ठेवली असती तर वर्षभर खाल्लं असतं तुमी!"

बाई पळी हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली. तिला माझा राग समजला नाही.

"मी विकत घेतली ना, भाऊ?"

"घेतली."

"मंग? वर्षभर सगळ्यायचं खाते मी. आज माह्या घरचं खा." आणि मायला म्हणाली, "बस वं माय, इकडं बस, भिंतीले टेक."

माय बसली. पाळकसाहेबांनी खाटेवर सरकून मला जागा केली. पत्र्याचा भाव मी विसरलेलो नाही, आणि डॉक्टरांचं पाकीट थैलीत पडलं का, हे मला आजही कुणी सांगितलेलं नाही. पण जागा केली होती, म्हणून बसलो.

ताटात भाकरी आली, लालभडक रस्सा आला, एक तुकडा आला. मी म्हणालो, बस, पुरे. उरलेलं तुमच्यासाठी ठेवा.

"घासाघीस नका करू," ती म्हणाली आणि दुसरा तुकडा टाकला. पाळकसाहेब खाली बघून हसले. मी पाहिलं.

मायनं विचारलं, "कशी झाली रे?"

"तिखट," मी म्हणालो.

अजूनही म्हणतो, कापायला नको होती. पण माल तिनं उचलला होता, आणि उचललेल्या मालाचं काय करायचं ते विचारायची पद्धत आमच्या धंद्यात नाही.