दम शिल्लक असताना

आमच्या सोलापूरच्या यात्रेतला नंदीध्वज किती उंच असतो, हे बाहेरच्या माणसाला सांगताना मी तो दरवेळी थोडा वाढवतो. सध्या तो तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत डोकावतो. वजनाबाबत मात्र मी थाप मारत नाही, गरजच पडत नाही. कमरेच्या चामडी पट्ट्याला खोबण असते. तिच्यात तो उभा बांबू टेकवायचा, दोन्ही हातांनी आवळायचा आणि गर्दीतून चालायचं. कलला तर खाली बायका-पोरं उभी असतात.

वडील गेल्यापासून आमच्या घरातल्या कुणी ही नंदीध्वजाची काठी पेलली नव्हती. त्या वर्षी पाळी मला मिळणार होती, पण आमचा सराव घेणारे काका 'हो' म्हणाले तरच. मग मी असा पेटलो की जिममधल्या लोखंडालाच घाम फुटायचा. पहाटे जिम, संध्याकाळी सरावाची काठी आणि मधल्या वेळात दुकानातले कापडाचे गठ्ठे उगाचच वर-खाली. झोप ही आळशी लोकांनी काढलेली पळवाट आहे, असं मी नवी पेठेत भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

यात्रा तोंडावर आली आणि सरावात काठी डोलली. वारा नव्हता. उकळत्या पातेल्यावरच्या झाकणासारख्या माझ्या मांड्या थडथडत होत्या. काकांनी झेप घेऊन बांबू धरला.

"साकु!" संतापले की काका कन्नडवर जातात. "बस झालं! आजपासून काठी न्हाई, जिम न्हाई. खाटेवर पडायचं."

"काका, असं पडून राहिलो तर ताकद जाईल की!"

"जायला हाय कुटं? तूच समदी संपवून बसलास. गुमान पडलास तर पाळी तुझी. उठलेला दिसलास तर दुसरा हाय."

पडून राहताना आला तेवढा घाम मला कुठल्याच जिममध्ये आला नव्हता. संध्याकाळ झाली की सरावाच्या मैदानावरून "हर्र बोला हर्र"चा गजर यायचा. बाकीचे काठी घेऊन चालतायत आणि माझे दंड अंथरुणात लोण्यासारखे वितळतायत, असं मला डोळ्यांनी दिसायचं. एकदा हळूच उठून बैठका मारायला पाय दुमडले, तर दारातून बायको म्हणाली, "अहो, काकांना फोन लावू का?" मी तसाच आडवा झालो.

मिरवणुकीच्या दिवशी पांढरी बाराबंदी चढवली. अंग हलकं वाटत होतं आणि त्याचीच भीती वाटत होती. काकांनी काठी माझ्या खोबणीत दिली. पहिलं पाऊल टाकलं. बांबू सरळ. दुसरं टाकलं, तरी सरळ! पुढे गल्ली अरुंद झाली, वर विजेच्या तारा, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. गजर एवढा मोठा की करमाळ्यापर्यंत गेला असणार. वाऱ्याचा एक झोत आला, शेंडा डावीकडे झुकला, बायका किंचाळल्या. मी टाच रोवली, कंबर वळवली. शेंडा परत जागेवर आला.

"दे आता," काका कानाशी म्हणाले. पुढचा मानकरी पट्टा आवळून तयारच होता.

"काका, दम आहे अजून. त्या कोपऱ्यापर्यंत नेतो की!"

कोपऱ्यावर माझं सगळं सासर उभं होतं.

"दम हाय तवरच द्यायची."

माझी बोटं सुटेनात. काकांनी ती ओढली नाही, ते ओरडलेही नाहीत. कोपऱ्यावरून मेहुण्यानं हात हलवला. मी दात आवळले आणि काठी पुढच्याच्या खोबणीत सरकवली.

दुकानाच्या पायरीवर जेमतेम टेकलो आणि दोन्ही पाय थरथरायला लागले. हातांनी गुडघे दाबले तर हातही त्यांच्यासोबत हलू लागले. काठी तेव्हा कोपऱ्यावर पोचली होती, बरोबर माझ्या सासूबाईंच्या डोक्यावर, ताठ उभी.

बायको गर्दीतून वाट काढत आली. "काय हो, थंडी वाजतीय का?"

डोक्यावर सोलापूरचं ऊन होतं. रस्त्यावर पापड भाजले असते.

"लई," मी म्हणालो.