डाव्या कोपऱ्यातला भिडू

माझ्या मेहुण्याइतका व्यवहाराला चोख माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडणार नाही. तो मेलेल्या माणसाबरोबर बास्केटबॉल खेळायचा, एवढं फक्त सोडून द्यायचं. भिंगारमध्ये त्याची पिठाची गिरणी आहे. कुणाचा डबा कुणाला गेला असं त्याच्याकडे कधी होत नाही. पण हातात काहीही गोल आलं की त्याचं भान सुटतं. नारळ तो बोटावर फिरवून मगच बायकोकडे देतो, तोही पाठीमागून, आणि ती बिचारी आता न बघता झेलते. एका लग्नात त्याने मांडवाच्या शेवटच्या रांगेतून मनगट वळवून अशा अक्षता सोडल्या की एकूण एक दाणा नवरदेवाच्या डोक्यावर पडला आणि भटजी मंगलाष्टक थांबवून छताकडे बघायला लागले. दिवाळीत आमच्याकडे जेवायला आला, तेव्हा आमटीची वाटी मला न बघता पास केली. माझ्या सदऱ्याची अवस्था बघून वर मलाच म्हणाला, “दाजी, तुमी लई स्लो हाय. बॉल यायच्या आदी हात याया पायजे.”

संध्याकाळी गिरणी बंद केली की तो तसाच, भुवयांपर्यंत पांढराफटक, जुन्या गोदामामागच्या बोळात जायचा. तिथे भिंतीला सळईची रिंग वेल्डिंग केलेली आहे. बोळात नवीन राहायला आलेल्या बायका तिन्हीसांजेला त्याला बघून देवाचं नाव घ्यायच्या. भुताला भ्यायचं, तर त्या चुकीच्या माणसाला भीत होत्या. खेळ दोघा-दोघांचा. समोर दोन जण, आणि इकडे हा एकटा. तो उजवीकडून बॉल मारत यायचा आणि मान न वळवता डाव्या कोपऱ्यात पास द्यायचा. तिथे कुणी नसायचं. बॉल मात्र परत यायचा, अगदी छातीच्या उंचीवर, हवा तिथे. मी आधी पुष्कळ कारणं लावली. जमिनीला उतार असेल, मागे भिंत आहे, वारा असेल. मग एकदा दुपारी कुणी नसताना जाऊन मी स्वतः त्या कोपऱ्यात बॉल फेकून पाहिला. तो सरळ गटारात गेला. त्यानंतर मी कारणं लावायचं बंद केलं.

तिथे उभा असायचा तो त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. दोघांनी मिळून एकदा टीव्हीवर खेळायचं, हे त्यांचं शाळेपासून ठरलेलं. केडगावच्या रस्त्यावर मोटरसायकलचा अपघात झाला आणि तो गेला. दहाव्याला सीना नदीच्या काठी पिंड मांडला, तर कावळा शिवेना. आईला सांभाळू म्हणून झालं, बहिणीचं लग्न थाटात करू म्हणून झालं, गाडी विकणार नाही असंही कुणीतरी सांगून पाहिलं. कावळे झाडावर बसून ऐकत होते. ऊन चढलं, पाहुणे घड्याळं बघायला लागले. शेवटी माझा मेहुणा पुढे झाला आणि हात जोडून रडत म्हणाला, “तुझ्याबिगर टीम करनार न्हाई, गड्या.” वाक्य संपायच्या आत कावळा पिंडावर. तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आपण काय कबूल करून बसलो हे त्याच्याही ध्यानात आलं नसावं.

पुढे कुणीतरी मोबाईलवर त्याचा खेळ टिपला आणि गल्लीबोळांतल्या बास्केटबॉलवाल्यांची टीव्हीवर जी स्पर्धा लागते, तिथून त्याला बोलावणं आलं. पहिली फेरी नगरलाच, एका मंगल कार्यालयात होती. जिथे वधूवर बसतात त्या स्टेजसमोर रिंग उभी केली होती. मी आणि त्या जोडीदाराची आई शेजारी शेजारी बसलो. ही मावशी रोज संध्याकाळी बोळातही खेळ बघायला यायची. जोडी लागते म्हणून त्याला कोपरगावचा एक उंच गडी देण्यात आला. खेळ सुरू झाला आणि पास नेहमीप्रमाणे डाव्या कोपऱ्यात गेले, नेहमीप्रमाणे परतही आले. थोड्या वेळाने समोरचे दोघंही घाम पुसत तो मोकळा कोपराच अडवायला लागले. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं. कोपरगावकर हळूच म्हणाला, “दादा, तुमच्या त्या भिडूला जरा सरक म्हना की. मला उभं ऱ्हायला जागा न्हाई.” मी नकळत खुर्ची मागे सरकवली. मावशी मात्र पदर सावरत शांत बघत होती.

सामना ते जिंकले. पण कोपऱ्यात कोण आहे ते कार्यक्रमाच्या मॅडमच्या कानावर गेलं होतं. त्यांनी त्याला बाजूला घेतलं. कॅमेऱ्यासमोर मित्राला निरोप द्यायचा, मग मुंबईची पुढची फेरी पक्की. नाहीतर हा खेळ नियमात बसत नाही, असं त्या म्हणाल्या. जन्मभर बघितलेलं स्वप्न हाताशी आलं होतं. मेहुणा खाली बसला आणि बुटाची लेस सोडायला लागला. “शब्द दिलाय, मॅडम. आन मावशी रोज त्याला बघाया येती. तिला काय सांगू?”

तेव्हा मावशी उठली, सावकाश चालत त्याच्यापाशी गेली.

“मी त्याला बघाया येत न्हवते, बाबा. तू येकटा पडशील म्हनून येत हुते. सोड आता त्याला. लई दमला आसंल.”

मेहुण्याने सोडलेली लेस परत बांधली. मग उठून बॉल घेतला. “बस आता, गड्या. जा घरी,” म्हणाला आणि अलगद डाव्या कोपऱ्यात टाकला. बॉलने एकच टप्पा घेतला आणि जागच्या जागी थांबला. घरंगळला नाही, डुलला नाही. कुणीतरी वाकून तो जपून खाली ठेवावा, तसा.

मुंबईला तो पहिल्याच सामन्यात हरला. टीव्हीवर दिसला, पण चारचौघांसारखा खेळताना दिसला, आणि मला उगीच भरून आलं. आता बोळात त्याच्या बाजूने जिवंत माणूस असतो. मावशी अजून येते. परवा मी त्याला विचारलं, करमतं का रे?

“खेळताना कळत न्हाई, दाजी. पन बास्केट पडली की टाळी द्याया डावा हात आपोआप वर जातो. मग कुनी बघायच्या आत खाली घ्यावा लागतो.”

मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, आणि पळणं तर या वयात शक्यच नाही. तरी हल्ली संध्याकाळी जमेल तसा मी त्या बोळात जातो आणि डाव्या अंगाला उभा राहतो. टाळी काय, कुणालाही देता येते.