तरवडाची पाटी

नातीला आणायला शाळेत गेले, तर शिपाई सदाभाऊ खुरपं घेऊन देशी झाडांच्या बागेत बसले होते. पर्यावरण शिक्षणासाठी आलेल्या निधीतून ही बाग झाली. रोपं फारशी जगली नाहीत, पण नावं रंगवलेल्या पत्र्याच्या पाट्या अजून झकास आहेत. ‘तरवड’ लिहिलेल्या पाटीखालचं नर्सरीचं रोप कधीच वाळून गेलं. वीतभर पलीकडे मात्र एक हिरवंगार रोपटं वर आलं होतं. सदाभाऊंनी ते मुळासकट उपटून तणाच्या ढिगावर टाकलं.

“अहो, तरवडच आहे तो!”

“बाई, हे आपोआप उगवलेलं. उद्या तपासणीला साहेब येणार, रान दिसायला नको.”

त्यांना काय बोलणार? बाग होण्याआधी इथे तरवडच माजलेला असायचा. सगळं कुंपण पिवळ्या फुलांनी भरून जायचं. बागेला जागा साफ हवी म्हणून एका सकाळी जेसीबीने तो ओरबाडून काढला, आणि मग तेच झाड आम्ही टेम्पो पाठवून विकत आणलं. आपोआप उगवलेल्याचं उद्घाटन करता येत नाही ना!

आम्ही म्हणजे मीसुद्धा. शाळेतली जुनी बाई म्हणून झाडांची यादी मीच करून दिली होती. जेसीबीला हारही मीच घातला होता.

नात पाटी वाचत होती. “आजी, तरवड कसा असतो गं?”

मी उपटलेल्या ढिगाकडे बोट दाखवलं.