हरदेवीचं धुळ्याला जाणं

धुळ्याहून हरदेवीच्या लेकीचा, कांताचा फोन आला तेव्हा मी मेहरूणच्या आमच्या गच्चीवर पापड वाळत घालत होते. "मावशी, अम्मा गेली. सकाळी चहा घेतला आणि बसल्या जागीच..." आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो काय, तर हरदेवीने धुळ्याला जायची परवानगी काढली होती ना? तिला भारताचं नागरिकत्व मिळून बरेच दिवस झाले होते, परवानगीचा प्रश्नच उरला नव्हता. पण इतकी वर्षं तिच्याबरोबर त्या परवानगीसाठी खेटे घातल्यावर मनाला तेवढंच सुचलं.

हरदेवी पाकिस्तानातल्या सिंधमधून नवरा आणि लेकीसह जळगावच्या नातेवाइकांकडे आली आणि व्हिसावर राहिली. पुढे नवरा गेला, कांता लग्न होऊन धुळ्याला गेली. एसटीत बसलं की धुळं कितीसं लांब! पण व्हिसा जळगावपुरताच, म्हणून हरदेवीला जळगाव सोडायचं तर आधी पोलिसांची परवानगी हवी. नातीच्या बारशासाठी तिने अर्ज केला, आणि मंजुरी आली ती बारशाचे पेढे वाटून संपल्यावर. त्या दिवशी ती आमच्या महिला मंडळात पापड लाटायला आली, ती तोंड पाडूनच. पारोळ्याकडच्या बायकांसोबत लाटून लाटून तिची बोली पक्की अहिराणी झाली होती. म्हणाली, "अक्का, माले पोरगीकडे जानं शे. बस, इतलंच." नागरिकत्व म्हणजे तिच्या लेखी एवढंच होतं, मनात आलं की लेकीकडे जाता येणं.

तिच्यासारखी नागरिकत्वासाठी अडलेली बरीच कुटुंबं होती आणि मदत करणारेही कमी नव्हते. अडचण अशी की मदत करणाऱ्यांचं आपसात पटत नव्हतं. सिंधी पंचायतीला वाटे हे आमच्या घरचं काम. वकील मंडळी म्हणत, पंचायत अर्धेच कागद पाठवते. आम्ही बायका दोघांवर डाफरत असू. त्यात अर्जदाराच्या चांगल्या वागणुकीची हमी इथल्या नागरिकांनी द्यायची, आणि ती द्यायला लोक कचरत. हरदेवीच्या समोर दुकान असलेले इस्माईलभाई शिंपी आपणहून तयार झाले, त्यांच्या शिंपी संघटनेने बैठकीला हॉलही दिला, तर तिथेही जुंपली! हरदेवी उठली. सिंधी घरात पाहुण्याला आधी पापड आणि पाणी देतात. तिने प्रत्येकाच्या हातात भाजलेला पापड ठेवला. "पह्यले पापड खा, मंग भांडा." आता तोंडात पापड असताना आवाज कसा चढवणार? सगळे मुकाट्याने कुरुमकुरुम करत बसले, आणि कोणीतरी हसलं. त्या दिवसापासून कामाला हात लागला. पंचायतीने जुने कागद शोधले, वकिलांनी अर्ज नीट केले, आम्ही बायकांना कचेऱ्यांत घेऊन गेलो. हरदेवीची हमी मी आणि इस्माईलभाईंनी दिली.

शपथ घेतली त्या दिवशी ती कलेक्टर कचेरीच्या पायऱ्यांवर लहान मुलीसारखी हसली. पण पुढच्याच आठवड्यात धुळ्याला निघायच्या आधी ही बया सवयीने पोलीस ठाण्यात सांगायला गेली. तिथला हवालदार म्हणाला, "मावशी, आता आम्हाला कशाला विचारता? खुशाल जा." ती तडक माझ्याकडे आली, ओट्यावर बसली आणि ढसाढसा रडली. "आते कोनले सांगू अक्का, मी जाई राहिनी म्हनीसन?"

"मला सांग," मी म्हटलं. तेव्हापासून एसटीत बसली की ती मला फोन करायची. आता तो फोन नाही. मला तिची फार आठवण येते, दुपारी तर फारच...

बाराव्याला मी धुळ्याला गेले. पाहुणे पांगल्यावर कांताने कपाट उघडलं. एक अख्खा कप्पा हरदेवीचा. धुतलेले सलवार-कुडते, ओढण्या, फणी. "पूर्वी अम्मा इथे साधा रुमालही ठेवायची नाही," कांता म्हणाली. "परवानगीची मुदत संपली की सगळं पिशवीत भरून निघायची. नागरिक झाली, मग हे सगळं आणून लावलं... मावशी, आठवण म्हणून एखादी ओढणी न्या ना."

मी एक ओढणी उचलली. जरा वेळ हातात धरली आणि होती तशी घडी करून परत ठेवली.

"राहू दे गं," मी म्हटलं. "किती वर्षांनी तिला इथे राहायला मिळालंय."