बालीतली पावणेदोन मीटरची पट्टी

"मॅडम, तीन वाजता सही आहे. आता टेप कशाला काढताय?" अंबादास म्हणाला.

आम्ही बाली बेटावर, तो घेणार असलेल्या प्लॉटवर उभे होतो. अंबादास सोलापूरचा टॉवेलवाला. त्याचा माल तिथल्या हॉटेलांत जातो. होटगीकडची जागा विकून त्याला तिथं सहा खोल्यांचं गेस्टहाऊस काढायचं होतं. माझी सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली. त्याच्या भांडणातल्या दोन जागा मीच मोजल्या होत्या, म्हणून मी रिटायर झाल्यावर तो मला सोबत घेऊन गेला.

तिथं परदेशी माणसाला जमिनीची मालकी मिळत नाही. लीज मिळतं, म्हणजे ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा. पैसे मात्र सगळ्या मुदतीचे आधीच मोजायचे. ते गेले की माणूस अडकला.

एजंटनं दिलेला नकाशा मी जमिनीशी ताडून बघत होते. प्लॉट आणि रस्ता यांच्यामध्ये एक बारीक पट्टी दिसली. नकाशात तिचा नंबर वेगळा. मोजली, पावणेदोन मीटर रुंद भरली. तिच्यातून पाण्याचा पाट वाहत होता, आणि त्यावरच्या फळ्यांवरून आमची गाडी आत आली होती.

"ही कुणाची?"

"नो प्रॉब्लेम, मॅडम. एव्हरीबडी यूजेस," एजंट म्हणाला.

हेच वाक्य मी सोलापूरजवळ मंद्रूपच्या बाजूला मराठीत ऐकलंय. 'समदेच जात्यात की हितनं.' मग एक दिवस मालक काट्या टाकतो आणि लोक कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

अंबादास वैतागला. "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतो तो. जागा हातची जाईल की."

"जाऊ दे. वाट नसेल तर गेस्ट काय वरून सोडणार?"

आमचा ड्रायव्हर वायान तिथलाच. त्याला घेऊन मी शेजारच्या घरी गेले. एक म्हाताऱ्या बाई बदकांना दाणे टाकत होत्या. वायाननं त्यांचं बोलणं इंग्रजीत सांगितलं. पट्टी त्यांचीच होती. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. एजंटच्या गाड्यांनी पाट दोनदा फुटला, म्हणून पुढच्या महिन्यात त्या तिथं भिंत घालणार होत्या.

मागोमाग आलेल्या अंबादासनं हे ऐकलं आणि घड्याळ बघितलं.

मी वही काढली. पाटावर पक्का स्लॅब, पाणी खालून मोकळं, पट्टी ओलांडून जाणारी तीन मीटर रुंदीची वाट. बाईंनी चित्र नीट पाहिलं आणि बोटानं वाट नारळाच्या झाडापासून थोडी अलीकडं ओढली. मी खोडून पुन्हा काढलं. स्लॅबचा खर्च अंबादासचा, पाट फुटला तर दुरुस्तीही त्याचीच. वायाननं हे सगळं बाईंना त्यांच्या भाषेत सांगितलं. त्या होकाराची मान हलवून घरात गेल्या आणि चांगले कपडे घालून सहीला निघाल्या.

नोटरीच्या ऑफिसात एजंटचा चेहरा उतरला. नोटरीनं माझं चित्र दोनदा बघितलं. "हे कुणी काढलं?"

"अवर सोलापूर मॅडम," अंबादास छाती काढून म्हणाला.

वाटेचा हक्क लीजच्या पूर्ण मुदतीसाठी लिहिला गेला आणि माझा नकाशा दस्ताला जोडला गेला. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या नकाशाला एवढा मान कधी मिळाला नव्हता. दुसरं गिऱ्हाईक काही आलं नाही.

गेस्टहाऊस आता सुरू आहे. सीझनला सहाही खोल्या भरतात.

जमीन घेताना सगळे मालकाला भेटतात, एजंटला भेटतात. शेजाऱ्याला भेटायचं कुणाला सुचत नाही, आणि नंतर कोर्टात गाठ पडते ती त्याच्याशीच.