वीस नोंदींची रांग

आमचे हे लिफ्ट मेकॅनिक. तीस वर्षं वंगणात हात घातलेला माणूस पंचावन्नाव्या वर्षी प्रोग्रॅमिंग शिकायला बसला, तेव्हा मला वाटलं, महिनाभराचं खूळ असेल. पण ह्यांनी चिकाटी सोडली नाही. काडेपेटीएवढा एक बोर्ड आणला, त्यावर मायक्रोपायथन नावाची सुटसुटीत भाषा चालते म्हणाले, आणि लिफ्टवर पाळत ठेवणारी डबी तयार केली.

लिफ्टमध्ये काही घडलं, की डबी नोंद करते: वेळ, मजला, दार, बटण. नोंदीतल्या प्रत्येक आकड्याला ह्यांनी नाव दिलंय. मला मात्र लग्नापासून ‘अगं’वरच भागवलंय. बोर्डाची मेमरी चिमूटभर, म्हणून रांग वीस नोंदींचीच. तिला त्या भाषेत डेक म्हणतात. एकविसावी नोंद आली, की सगळ्यात जुनी आपोआप बाहेर. लिफ्ट अडकली, की शेवटच्या वीस नोंदी वाचायच्या आणि बिघाड पकडायचा. सगळीकडे हे छान चाललं. घोडं अडलं ते नेमकं वन्संच्या इमारतीत.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ह्यांना वाढवलं ते त्यांनीच. पाचव्या मजल्यावर एकट्या राहतात. दोन महिन्यांपूर्वी तिघा शेजाऱ्यांबरोबर पाऊण तास लिफ्टमध्ये अडकल्या, तेव्हापासून त्यांनी लिफ्टची धास्तीच घेतली. गुडघ्यांमुळे जिना जमेना. शेवटी परगावी मुलीकडे कायमचं जायचं ठरवलं. बहीण जाणार म्हणून ह्यांचं जेवणातलं लक्ष उडालं.

डबी बसवल्यावर लिफ्ट तीनदा अडकली. तिन्ही वेळा रांगेत काय, तर बटण, बटण, बटण. अडकलेला माणूस घाबरून बटणं बडवतो आणि बिघाडाची नोंद रांगेतून ढकलली जाते. ह्यांनी रांग चाळीसची केली, तर लोकांनी साठदा बडवलं. रांग भरल्यावर नवीन नोंद घ्यायचीच नाही, असं करून पाहिलं, तर दूधवाल्याच्या सकाळच्या फेऱ्यांनीच ती भरली. बटणांच्या नोंदी गाळाव्यात, तर बिघाड बटणातच असला तर? हे डोकं धरून बसले.

“अडकल्यावर बटण न दाबणारा माणूस हवा, एवढंच ना?” वन्संनी विचारलं.

“आणि दिवसभर वर-खाली करायला मोकळा. आम्हा दोघांना कामं आहेत, आक्का.”

“मग मी बसते.”

“तू? तू तर लिफ्टकडे बघतही नाहीस.”

“बघायचं कशाला? डोळे मिटून बसेन.”

मी त्यांना वेड्यात काढलं. त्यांनी माझं काही ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी स्टूल आणि पाण्याची बाटली घेऊन लिफ्टमध्ये जाऊन बसल्या. पहिला दिवस कोरडा गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वॉचमनचा फोन आला, लिफ्ट अडकली. आम्ही पोचलो तेव्हा तो किल्ली घेऊन दारापाशी ताटकळत उभा होता. आतून वन्संनी त्याला दम दिला होता, की भाऊ आल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही.

“वन्सं, बऱ्या आहात ना?” मी दाराला तोंड लावून विचारलं.

“बरी कसली, घाम फुटलाय. हात मांडीखाली दाबून बसलेय. त्याला म्हणावं, आटप लवकर.”

ह्यांनी रांग वाचली. लिफ्ट चालू असताना तिसऱ्या मजल्याचं दार एक क्षण ‘उघडं’ दिसलं होतं. दार बंद असल्याचं सांगणारा विजेचा जोड सैल झाला होता, म्हणून लिफ्ट जागीच थांबायची. अर्ध्या तासात काम फत्ते. लिफ्ट खाली आली, वन्सं बाहेर आल्या आणि तिथूनच मुलीला फोन लावला, “मी काही येत नाही गं. लिफ्ट दुरुस्त झाली.”

“पाऊण तास बटणाला हात नाही लावलास,” हे म्हणाले. “कसं जमलं, आक्का?”

“तुला कांजिण्या झाल्या होत्या, तेव्हा तू खाजवू नयेस म्हणून चार दिवस तुझे हात धरून बसले होते. आज माझे धरले.”

हे तिथेच पायरीवर बसले आणि रडले. मीही रडले.